पत्त्यांतून ज्युरी ट्रायल शिकवताय? या चुका टाळा

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना कोर्ट कसं चालतं हे पत्त्यांतून शिकवायची आयडिया मला खूप आवडते, साक्षीदार, पुरावा, ऑब्जेक्शन असे पत्ते घरीच पुठ्ठ्यावर बनवता येतात. पण खेळ रंगवायच्या नादात बरेच जण प्रोसिजरच चुकीची शिकवतात, आणि ते नंतर मुलांच्या डोक्यातून काढणं फार अवघड जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे पत्ते वाटायचे आणि ज्याचे हात जास्त झाले तो जिंकला असं ठरवायचं. मुलांना हे फेअर वाटतं, पण क्रिमिनल ट्रायल मुळात तशी नसतेच. सगळं सिद्ध करायचं ओझं प्रॉसिक्युशनवर (खटला चालवणारा सरकारी पक्ष), तेही बियॉन्ड रीझनेबल डाउट, म्हणजे रास्त शंकेला जागा न ठेवता, आणि डिफेन्सने (आरोपीच्या बाजूने) एकही साक्षीदार आणला नाही तरी चालतं. त्यामुळे आधी आरोपाचे तुकडे करा. समजा चोरीची केस आहे, तर वस्तू दुसऱ्याची होती, आरोपीनेच उचलली, परत न द्यायच्या इराद्याने उचलली, असे तीन पत्ते मध्ये मांडा आणि प्रत्येकावर प्रॉसिक्युशनला पुरावा ठेवायला लावा. इराद्याचा पत्ता पुराव्याशिवाय राहिला तर नॉट गिल्टी, मग बाकी दोनांवर कितीही ढीग असू दे. डिफेन्सला पास म्हणायची मुभा हवीच, आणि आरोपी बोलला नाही की पॉइंट कापायचे हा नियम कुणी ठेवला असेल तर आजच काढून टाका, कारण आरोपीच्या गप्प बसण्यावर बोट ठेवायला प्रॉसिक्युटरला सुप्रीम कोर्टाने 1965 सालीच मनाई केलीये.

ऑब्जेक्शनच्या पत्त्यांचा पाऊस पडतोय? मग पत्ता टाकताना कारण बोलायला लावा, हिअरसे (ऐकीव माहिती) की लीडिंग (उत्तर सुचवणारा प्रश्न) की आणखी काही, कारण नाही तर पत्ता परत हातात. लीडिंग प्रश्न क्रॉसमध्ये (समोरच्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी) चालतात हे मात्र आधीच सांगा, नाहीतर त्यावरच भांडणं होतात.

ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) निवडायचा भाग बोअर होतो म्हणून गाळू नका प्लीज, माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. फेडरल फेलनी केसमध्ये (केंद्रीय कोर्टातला गंभीर गुन्हा) प्रॉसिक्युशनला 6 आणि डिफेन्सला 10 ज्युरर कारण न देता काढता येतात, पण वंशावरून काढता येत नाही (1986, सुप्रीम कोर्टाची बॅटसन केस) आणि 1994 पासून स्त्री-पुरुष भेदावरूनही नाही. म्हणून ज्युररच्या पत्त्यावर नुसतं नाव आणि चेहरा नको, त्याची मतं आणि अनुभव लिहा, म्हणजे मुलं खरंच प्रश्न विचारतात.

12 मुलं जमत नाहीत? सहा घ्या, राज्यांच्या कोर्टात सहा जणांची ज्युरी चालते हे 1970 सालीच ठरलंय. फक्त निकाल बहुमताने लावू नका. लुइझियाना आणि ओरेगनमध्ये 10-2 ने दोषी ठरवता यायचं, ते सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रामोस निकालाने बंद झालं, आता गंभीर गुन्ह्यात सगळ्यांचं एकमत लागतं. एकमत होत नसेल तर जजने एकदा परत चर्चेला पाठवायचं, तरीही अडलं तर मिसट्रायल (खटला निकालाशिवाय संपतो), आणि मिसट्रायल म्हणजे सुटका नाही, नवी ज्युरी घेऊन खटला परत चालवता येतो.

शेवटचं, आजी-आजोबा खेळायला बसले की नानावटी केस (नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला) हमखास निघते. 1959 मध्ये मुंबईच्या ज्युरीने 8-1 ने नॉट गिल्टी म्हटलं, सेशन्स जजला ते पटलं नाही, केस हायकोर्टात गेली आणि तिथे शिक्षा झाली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण त्यावरून जजच्या हातात ज्युरीचा निकाल फिरवायचा पत्ता देऊ नका. अमेरिकेत ज्युरीने सोडलं की तो निकाल जजला उलटवता येत नाही, उलट पुरावाच पुरेसा नसेल तर ज्युरीने दोषी ठरवलेल्याला जज सोडू शकतो. तेव्हा जजचा तो पत्ता ठेवायचाच असेल तर फक्त आरोपीच्या बाजूने चालेल असा ठेवा.