माजी सैनिकाची शोकसभा : आधी कागद, मग भाषणं

फलक रंगवायला देण्याआधी घरच्यांकडून डिस्चार्ज बुक (सैन्यातून सेवामुक्त होताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) मागून घ्या. हुद्दा, रेजिमेंट, सेवेची वर्षं आणि पदकं त्यावरूनच उतरवा. गावात सगळ्यांनाच ‘मेजर’ म्हणायची सवय असते, आणि मग हवालदाराच्या फोटोखाली चुकीचा हुद्दा कायमचा राहतो. हुद्दा नावाआधी आणि ‘(निवृत्त)’ नावानंतर लिहा. आजाराने गेलेल्या माणसाला ‘शहीद’ लिहू नका. त्यांची खरी सेवा पुरेशी मोठी आहे.

सर्वाधिक चुका तिरंग्याच्या होतात. पार्थिवावर तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातच पांघरतात: केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्यापूर्वी तो काढून त्याची घडी करतात. शोकसभेत टेबलावर किंवा फोटोभोवती तो गुंडाळणं राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे पांढरी चादर घाला.

निवृत्तीनंतरचं काम गावकऱ्यांनीच सांगावं: पाणीयोजना, भरतीची तयारी करणारी मुलं, तंट्यात केलेली मध्यस्थी. वक्ते चारच, प्रत्येकी पाच मिनिटं. शेवटी दोन मिनिटं मौन; वेळ एकानेच घड्याळावर मोजावी.

त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या पत्नीसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मृत्यूचा दाखला, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक न्या. नावाच्या स्पेलिंगमधला फरक कुटुंब निवृत्तिवेतन अडवतो, म्हणून तो आधीच तपासा.