कमाई दर महिन्याला वेगळी असेल तर मेडिकेडमध्ये बसतो का, हे कसं काढायचं

अमेरिकेतले आपले बरेच लोक मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न उघडतात, त्यातला आकडा बघतात आणि "आपण काही मेडिकेडमध्ये बसत नाही" म्हणून विषय संपवतात. (मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा.) महिन्याचा पगार ठरलेला असेल तर ते एक वेळ चालून जाईल, पण उबर चालवणारे, घरं विकून कमिशन मिळवणारे, शाळेत सबस्टिट्यूट (बदली शिक्षक) म्हणून जाणारे, जानेवारी ते एप्रिल टॅक्स ऑफिसात काम करून पुढे रिकामे असणारे, फ्रीलान्स डिझाईन करणारे, नाहीतर ऑगस्टमध्ये लेऑफ झालेले, या सगळ्यांनी हा हिशोब चुकीच्या आकड्यावरून केलेला असतो. कारण मेडिकेड नवीन अर्ज बघताना मागचं वर्ष बघतच नाही, ते बघतं आत्ताचा महिना. वर्षाचा अंदाज बघतं ते मार्केटप्लेस, म्हणजे हप्त्याला सरकारी सबसिडी घेऊन खाजगी विमा विकत घेण्याची साइट. एवढं नीट डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं होतं, आणि हे माहीत नसल्यामुळे माणसं विनाविम्याची राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी दोन गोष्टी बघून घ्या, नाहीतर पुढचं सगळं गणित फुकट जाईल. पहिली म्हणजे इमिग्रेशन स्टेटस. एच-वन-बी, एच-फोर किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर मोठ्या माणसाला साधारणपणे मेडिकेड नाही, आणि ग्रीन कार्ड मिळालं तरी बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. मुलं आणि गरोदर बायकांसाठी मात्र बऱ्याच राज्यांनी ही पाच वर्षांची अट काढलेली आहे, म्हणून स्वतः बसत नसलात तरी मुलांचा अर्ज वेगळा बघा. (इमिग्रेशनची केस चालू असेल तर अर्जाआधी वकिलाला एकदा विचाराच.) दुसरी म्हणजे राज्य. ४० राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. यांनी १९ ते ६४ वयाच्या सगळ्याच कमी उत्पन्नाच्या लोकांना मेडिकेड खुलं केलंय, पण टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी अशा राज्यांनी केलेलं नाही, तिथे मूल-बाळ नसलेल्या धडधाकट माणसाला उत्पन्न कितीही कमी असलं तरी जवळपास दारच बंद आहे. आणि नावांनी गोंधळू नका, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, आतून हे सगळं मेडिकेडच.

आता मर्यादा. केंद्र सरकार दरवर्षी गरिबी रेषेचे आकडे काढतं. २०२५ चा आकडा एका माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर आणि पुढे प्रत्येक माणसामागे ५,५०० जास्त, म्हणजे चौघांना ३२,१५० (अलास्का आणि हवाईचे वेगळे). खुल्या राज्यांत मोठ्यांची मर्यादा याच्या १३८ टक्के. महिन्यावर आणलं तर एकट्याला साधारण १,८०० डॉलर, दोघांना २,४३२, तिघांना ३,०६४, चौघांना ३,६९७. मुलांची आणि गरोदर बायकांची मर्यादा बहुतेक ठिकाणी याच्यापेक्षा बरीच वर असते. आकडा दरवर्षी सरकतो, त्यामुळे अर्ज करताना आपल्या राज्याच्या साइटवरचा ताजा तक्ता उघडून ठेवा.

घरात माणसं किती मोजायची हेही एकाच छपराखाली कोण राहतं यावर नसतं, टॅक्स रिटर्नमध्ये कोण कोणाबरोबर आहे यावर असतं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर रिटर्न वेगवेगळा भरला तरी दोघांचं उत्पन्न एकत्रच धरतात. पोटातलं बाळ आईच्या हिशोबात माणूस म्हणून मोजलं जातं. आणि कॉलेजातला मुलगा उन्हाळ्यात थोडं कमवत असेल, तुमच्यावर अवलंबून असेल आणि त्याला स्वतःचा रिटर्न भरणं कायद्याने लागत नसेल, तर त्याचे ते पैसे तुमच्या घरच्या उत्पन्नात येत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच आकडा फुगवतात.

आता मुख्य काम, महिन्याचं उत्पन्न काढणं, इथे घाई करू नका.

पगारी असाल आणि तास बदलत असतील तर मागच्या चारेक आठवड्यांचे पे स्टब (पगाराच्या पावत्या) काढा. दर दोन आठवड्यांनी पगार येत असेल तर वर्षात २६ चेक येतात, २४ नाही, म्हणून नुसतं दोनने गुणून चालत नाही, ऑफिसवाले साधारण २.१५ ने गुणतात आणि आठवड्याचा पगार असेल तर ४.३ ने. त्यामुळे ज्या महिन्यात तीन चेक आले त्या महिन्यात घाबरायचं कारण नाही. स्टबवर ग्रॉस लिहिलेलं असतं, पण त्यातून टॅक्सच्या आधी कापलेले पैसे, म्हणजे ४०१(के) ही निवृत्तीची बचत किंवा ऑफिसच्या विम्याचा हप्ता, वजा करून जे उरतं ते धरायचं. हातात पडलेला पगार धरायचा नाही आणि पूर्ण ग्रॉसही नाही. ओव्हरटाइम एखाद्याच महिन्यात मिळाला असेल आणि पुढे मिळणार नसेल तर तसं लिहून द्या, आणि मालकाकडून दोन ओळींचं पत्र आणता आलं तर फारच उत्तम.

स्वतःचं काम असेल तर गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे. धंद्याचा खर्च गेल्यावर जे राहतं ते. समजा गाडी चालवून ॲपवर महिन्याचे ३,००० डॉलर दिसले, त्यातले ५०० कंपनीचं कमिशन गेलं, आणि कामासाठी १,४०० मैल गाडी चालली, २०२५ च्या टॅक्स खात्याच्या दराने मैलाला ७० सेंट म्हणजे ९८० डॉलर वजा, उरले १,५२०. एकटा माणूस ३,००० बघून म्हणणार मी कुठला बसतोय, आणि खऱ्या हिशोबाने तो १,८०० च्या खाली आहे! वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा (स्वतःच्या धंद्यावर लागणारा वेगळा कर) अर्धा भागही वजा होतो. पण मैलांची नोंद पाहिजे, तारीख, कुठून कुठे, किती, रोजच्या रोज. साध्या वहीत लिहिली तरी चालते, पण आठवून आठवून नंतर लिहिलेली वही कोणी मानेलच असं नाही. महिन्याच्या शेवटी एका पानावर आलेले पैसे, खर्च आणि उरलेले असं मांडून, सही-तारीख टाकून ठेवा, अर्जाला हेच पान जोडायचं असतं.

काय धरतात आणि काय नाही यातही आपल्या लोकांची वेगळीच गडबड होते. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, खर्च आणि घसारा वजा करून, धरलं जातं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्याला ते उत्पन्नच आहे, तेही धरा. बेकारी भत्ता धरतात, सोशल सिक्युरिटीही धरतात. आई-बाबांनी भेट म्हणून पाठवलेले पैसे, कोणाकडून घेतलेलं कर्ज, मुलांसाठी मिळणारी पोटगी, कामावर इजा झाल्याची भरपाई, हे धरत नाहीत. बँकेतली शिल्लक तर या प्रकारच्या मेडिकेडमध्ये विचारतच नाहीत, म्हणजे थोडी बचत आहे म्हणून मागे हटायचं कारण नाही. ६५ च्या वरचे किंवा अपंगत्वावरून अर्ज करणारे यांचे नियम मात्र निराळे आहेत, तिथे अनेक राज्यांत मालमत्ताही बघतात. आणि एकरकमी आलेले पैसे, बोनस, सेव्हरन्स (नोकरी गेल्यावर कंपनी देते ती रक्कम), जमीन विकून झालेला नफा, हे ज्या महिन्यात आले त्याच महिन्याचं उत्पन्न (मोठी लॉटरी हा अपवाद, ती पुढच्या महिन्यांवर पसरवतात). म्हणजे ऑगस्टमध्ये सेव्हरन्स मिळालं तर सप्टेंबरमध्ये परत अर्ज करा.

लेऑफवाल्याचंच उदाहरण पूर्ण करू. एकटा माणूस, सिटिझन, जुलैपर्यंत ६०,००० डॉलर कमावले, ऑगस्टमध्ये नोकरी गेली, सप्टेंबरपासून आठवड्याला ४०० डॉलर भत्ता. वर्षाच्या हिशोबाने तो कुठेच बसत नाही. पण सप्टेंबरचं उत्पन्न ४०० गुणिले ४.३, म्हणजे १,७२०, आणि खुल्या राज्यात तो बसतो. आधीच्या ६०,००० चा इथे काही संबंध नाही.

उलटी केस जास्त अवघड आहे आणि इथेच लोक दोन्हीकडून सुटतात. टॅक्स ऑफिसात जानेवारी ते एप्रिल महिना ३,२०० डॉलर, म्हणजे १२,८००, आणि उरलेल्या वर्षात इकडचं तिकडचं करून १,५००. फेब्रुवारीत अर्ज केला तर महिन्याचं उत्पन्न जास्त म्हणून मेडिकेड नाही म्हणणार, आणि मार्केटप्लेस म्हणणार वर्षाचे १४,३०० हे गरिबी रेषेच्याही खाली, तुम्हाला सबसिडी नाही, मेडिकेडकडे जा. अशा माणसासाठी फेडरल नियमातच तरतूद आहे, महिन्याने मेडिकेड नाही आणि वर्षाने गरिबी रेषेखाली म्हणून सबसिडी नाही असं होत असेल तर मेडिकेडने वर्षाचं उत्पन्न धरून परत बघायचं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून स्वतःहून लेखी सांगा की माझं काम हंगामी आहे, वर्षाचा अंदाज एवढा आहे, त्यावरून तपासा. याशिवाय काही राज्यं पुढे नक्की होणारा बदल, उदाहरणार्थ एप्रिलअखेर संपणारं कॉन्ट्रॅक्ट, आधीच हिशोबात घेतात, आणि आधीपासून मेडिकेडवर असलेल्यांचं वर्षाच्या उरलेल्या महिन्यांच्या अंदाजावरही बघू शकतात. कॉन्ट्रॅक्टची कॉपी आणि मागच्या एक-दोन वर्षांचे रिटर्न जोडले की दरवर्षीचा चढउतार कागदावर दिसतो.

मार्केटप्लेसवर गेलात तर अंदाज प्रामाणिकपणे आणि जरा सावधपणे लावा. तिथे सबसिडी आगाऊ मिळते आणि वर्ष संपल्यावर टॅक्स रिटर्नसोबतच्या फॉर्म ८९६२ वर हिशोब चुकता होतो. पूर्वी परत करायच्या रकमेला कमी उत्पन्नवाल्यांना कमाल मर्यादा होती, २०२६ च्या टॅक्स वर्षापासून ती गेली, जास्त घेतलेलं सगळं परत करावं लागणार. त्यामुळे कमिशनचा मोठा चेक आला की त्याच महिन्यात साइटवर जाऊन आकडा बदला, ३० दिवसांच्या आत. नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये एकदम बिल येतं.

मेडिकेडचा अर्ज भरताना "आत्ताचं महिन्याचं उत्पन्न" आणि "वर्षाचा अंदाज" हे दोन वेगळे रकाने असतात, दोन्हीत वेगळे आकडे आले तर बिचकू नका, तुमच्या बाबतीत ते वेगळे असणंच बरोबर आहे. बाजूला कारण लिहा. ऑफिस स्वतःहून कंप्युटरवरून मालकांनी कळवलेला पगार तपासतं, आणि ती माहिती बऱ्याचदा काही महिन्यांपूर्वीची असते, तेव्हा तुम्ही कामावर होता आणि आता नाही. मग पत्र येतं की आकडा जुळत नाही, पुरावा द्या. त्या पत्रावर तारीख असते, ती चुकली की अर्ज बाद. लेऑफचं पत्र, शेवटचा स्टब, मैलांची वही, जे असेल ते द्या आणि दिल्याची पोच घ्या.

मिळाल्यावर उत्पन्न वाढलं तर कळवायचं, बऱ्याच राज्यांत १० दिवसांत. मुलांना मात्र १ जानेवारी २०२४ पासून सगळ्या राज्यांत एकदा मिळालं की १२ महिने पक्कं, मध्ये तुमची कमाई वर गेली तरी जात नाही. जुनी बिलं पडली असतील तर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांचं कव्हरेज बहुतेक ठिकाणी मागता येतं, त्या प्रत्येक महिन्याचं उत्पन्न वेगळं तपासतात, म्हणून त्याही महिन्यांचे कागद ठेवा. १ जानेवारी २०२७ पासून ही सवलत खुल्या गटातल्या मोठ्यांना (म्हणजे खुल्या राज्यांत नुसत्या कमी उत्पन्नावरून मेडिकेड मिळालेल्या १९ ते ६४ वयाच्यांना) एका महिन्यावर आणि बाकीच्यांना दोन महिन्यांवर येणार आहे.

त्याच सुमारास खुल्या गटातल्या मोठ्यांची तपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होणार, आणि महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवावी लागणार, १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, आजारी वगैरे सोडून. इथेही कमीजास्त कमाईवाल्यांना एक वाट ठेवलेली आहे. तास मोजता येत नसतील तर महिन्याचं उत्पन्न ५८० डॉलर असलं की पुरतं, आणि हंगामी कामगारांना मागच्या सहा महिन्यांची सरासरी चालते. काही राज्यं हे आधीच सुरू करू शकतात. तासांची नोंद आत्तापासूनच त्याच वहीत करायला लागा.

नाही म्हटलं तर पत्र नीट वाचा, कोणत्या महिन्याचा कोणता आकडा धरलाय ते त्यात असतं किंवा मागता येतं. चालू असलेलं मेडिकेड बंद करणार असतील तर निदान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि बंद होण्याच्या तारखेआधी सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत साधारणपणे ते चालू राहतं. नुसता नूतनीकरणाचा फॉर्म न दिल्यामुळे गेलं असेल तर ९० दिवसांत फॉर्म द्या, नवीन अर्ज लागत नाही. आणि कमाई खरंच वाढलेली असेल तर हेल्थकेअर डॉट गव्ह या मार्केटप्लेसच्या साइटवर मेडिकेड गेल्यापासून ९० दिवसांत प्लॅन घेता येतो, पण तो मागच्या तारखेपासून लागू होत नाही, त्यामुळे बंद होण्याची तारीख कळली की त्याच आठवड्यात प्लॅन निवडा.