रिअल-टाइम की टर्न-बेस्ड? स्ट्रॅटेजी गेमची खोली कशी पारखावी

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे: खरी खोली सगळे एकाच वेळी न थांबता खेळतात त्या रिअल-टाइम गेममध्ये आहे, की आपली खेप आली की चाल करायची त्या टर्न-बेस्ड गेममध्ये? एका बाजूचे म्हणणे असे की, विचाराला हवा तेवढा वेळ जिथे मिळतो तिथेच डावपेचांना अर्थ असतो, बाकी सारी बोटांची चपळाई. दुसऱ्या बाजूला वाटते की, आपला विचार पूर्ण होईपर्यंत शत्रू हाताची घडी घालून उभा राहत असेल, तर ते युद्धच नव्हे. दोघेही आपापल्या अनुभवातून बोलतात, पण दोघांच्या हातातली फूटपट्टी वेगळी असल्यामुळे वाद पुढे सरकत नाही. मी स्वतः दोन्ही प्रकारचे गेम बराच काळ खेळत आलो आहे आणि दोघांनाही लावता येईल अशी एक पद्धत हळूहळू माझ्यापुरती बसवली आहे. तिच्या मुळाशी असलेला विचार असा: टर्न-बेस्ड गेममध्ये वेळ फुकट असतो, म्हणून तिथली खोली पटावरच्या स्थितीत शोधावी लागते, रिअल-टाइम गेममध्ये मात्र खेळाडूचे लक्ष हीच गेममधल्या लाकूड-सोन्यासारखी मोजकी संपत्ती असते, आणि ती कुठे खर्च करायची हा डावपेचांचाच भाग असतो.

पर्यायांच्या संख्येला भुलू नये

तुलनेची सुरुवात बहुतेकजण आकड्यांनी करतात आणि तिथेच फसतात. बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी 35 च्या आसपास चाली उपलब्ध असतात, तर गो या खेळात सुमारे 250. स्टारक्राफ्ट 2 हा रिअल-टाइम गेम खेळणारी अल्फास्टार ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली डीपमाइंड या कंपनीने 2019 मध्ये जाहीर केली, तेव्हा या गेममध्ये प्रत्येक क्षणी साधारण 10 चा 26 वा घात इतक्या कृती शक्य असतात, असे सांगितले होते. हा आकडा ऐकून गो अगदीच उथळ वाटू लागेल. पण एखाद्या सैनिकाला या जागी पाठवणे आणि तिथून केसभर डावीकडे पाठवणे या त्या हिशेबात दोन वेगळ्या कृती ठरतात, आणि दोघींचा परिणाम बहुतेक वेळा एकच असतो. युनिट, इमारती आणि तंत्रज्ञान यांच्या लांबलचक याद्यांचेही तेच आहे. याद्यांमुळे गेम शिकायला अवघड होतो, तो खोल होईलच असे नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 2018 चा इनटू द ब्रीच हा टर्न-बेस्ड गेम आहे. त्याचा पट 8 गुणिले 8 घरांचा आणि खेळाडूच्या हाताशी यंत्रे फक्त तीन. शत्रू पुढच्या खेपेला कुठे हल्ला करणार हेही आधीच दाखवलेले असते. तरीही एकेका चालीवर दहा-दहा मिनिटे जातात, कारण शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर ढकलून त्याचा घाव दुसऱ्याच शत्रूवर पाडणे अधिक लाभाचे असू शकते आणि ढकलण्याचा क्रम बदलला की सगळे चित्रच बदलते.

म्हणून पर्याय मोजण्याऐवजी खरे निर्णय मोजावेत. मी तीन कसोट्या लावतो. दोन जाणते खेळाडू तिथे वेगवेगळे पर्याय निवडतील का, योग्य उत्तर त्या डावातल्या परिस्थितीवर अवलंबून आहे का, आणि निवडीचे पडसाद पुढे बराच वेळ उमटतात का? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच तो निर्णय वहीत लिहावा.

एकेक निर्णय जवळून पाहावा

एज ऑफ एम्पायर्स 2 या रिअल-टाइम गेममध्ये डावाच्या सुरुवातीला टाऊन सेंटर या मुख्य इमारतीतून एकामागून एक व्हिलेजर, म्हणजे अन्न-लाकूड गोळा करणारे कामकरी, काढायचे असतात. एका व्हिलेजरला 50 अन्न आणि 25 सेकंद लागतात. त्याच टाऊन सेंटरमध्ये लूम नावाची सुधारणा मिळते. तिची किंमत 50 सोने आणि वेळ तोही 25 सेकंदच. तिच्यामुळे व्हिलेजरचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, 25 वरून 40 होतात आणि थोडे चिलखतही मिळते. सुरुवातीच्या मिनिटांत सोन्याचा दुसरा उपयोग जवळपास नसतोच, त्यामुळे लूमची खरी किंमत सोन्यात मोजायची नसते. ते 25 सेकंद टाऊन सेंटर लूममध्ये गुंतले, म्हणजे एक व्हिलेजर तेवढा उशिरा आला, आणि त्याने त्या वेळात गोळा केले असते ते अन्न किंवा लाकूड गेले.

मग लूम घ्यायची कधी? अन्नासाठी रानडुकराला डिवचत टाऊन सेंटरपर्यंत आणताना व्हिलेजर मरण्याची धास्ती वाटत असेल तर लवकर घ्यावी. हात बसलेला असेल तर ती फ्यूडल एज या पुढच्या युगाकडे वळण्याच्या तोंडावर घेता येते. टेहळणीला गेलेल्या घोडेस्वाराला शत्रूचे सैनिक अगदी सुरुवातीलाच निघालेले दिसले, तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आणि अरीनासारख्या नकाशावर, जिथे वस्तीभोवती भिंत आधीपासूनच असते, तिथे घाई करण्याचे कारण उरत नाही. तिन्ही कसोट्यांवर उतरणारा हा निर्णय आहे आणि त्याला बोटांचा वेग मुळीच लागत नाही, एक कळ पुरते. रिअल-टाइम म्हणजे निव्वळ चपळाई असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर तपासून पाहावे.

आता टर्न-बेस्ड गेमचा एक क्षण घेऊ. बॅटल फॉर वेसनॉथ हा मुक्त आणि मोफत गेम आहे, त्यामुळे पुढचा हिशेब कोणालाही स्वतः पडताळता येईल. या गेममध्ये दिवस सहा खेपांचा असतो: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांजा आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांच्या सैन्यातला भालाईत तिन्हीसांजेला किंवा पहाटे प्रत्येकी 7 हिट पॉइंट घटवणारे तीन घाव घालतो. सकाळ-दुपारी हाच घाव 9 चा होतो आणि रात्री 5 चा. ऑर्क या शत्रूसैन्यातल्या ग्रंट नावाच्या सैनिकाचे उलटे आहे. त्याचा 9 चा घाव रात्री 11 आणि दिवसा 7 होतो. समजा, तिन्हीसांज झाली आहे, आपला भालाईत गावाच्या घरात उभा आहे आणि समोरच्या गवतावर एक जखमी ग्रंट आहे. तो एका हल्ल्यात मरण्याची बरीच शक्यता आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला गाव सोडून गवतावर यावे लागेल. गावात भालाइताचा बचाव, म्हणजे शत्रूचा घाव चुकण्याची शक्यता, 60 टक्के असतो आणि खेपेगणिक 8 हिट पॉइंट भरून निघतात. गवतावर बचाव 40 टक्क्यांवर येतो. शिवाय पुढची खेप रात्रीची आहे. अशा वेळी हातचा बळी सोडून दोन खेपा मागे सरायचे आणि पहाटेची वाट पाहायची, हा निर्णय नवख्याला भित्रेपणाचा वाटतो. मात्र मुरलेला खेळाडू नेमका तोच घेतो. इथली खोली नियमांच्या संख्येत शोधून सापडणार नाही. जागा, वेळ आणि नशीब एकाच घरावर येऊन भिडतात, तिथे ती आहे.

वेग बदलून पाहावा

दोन्ही प्रकारांतले निर्णय असे नोंदवून झाले की पुढची पायरी प्रयोगाची. रिअल-टाइम गेम मुद्दाम संथ करून खेळावा. एज ऑफ एम्पायर्स 2 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नेहमीचा वेग 1.7 असतो आणि तो 1.0 पर्यंत खाली आणता येतो. नकाशा तोच, संगणकाची काठिण्यपातळीही तीच ठेवून दोन्ही वेगांनी निदान पाच-पाच डाव खेळावेत आणि रीप्ले, म्हणजे डावाचे मुद्रण, पाहून आपण कुठे हरलो हे लिहून काढावे. मी हे केले तेव्हा संथ वेगात टाऊन सेंटर रिकामे राहणे जवळपास थांबले, म्हणजे ती चूक हातांची होती. पण शत्रूने घोडेस्वार उभे केल्याचे उशिरा कळणे आणि भालाईत तयार नसणे ही चूक दोन्ही वेगांत तशीच राहिली, कारण टेहळणी कधी करायची हेच मला उमगलेले नव्हते. पूर्वी मी प्रत्येक हरलेल्या डावाचे खापर संथ हातांवर फोडत असे. या नोंदींनंतर तसे म्हणायला जागा राहिली नाही.

मात्र या प्रयोगातून एक चुकीचा निष्कर्षही निघू शकतो, आणि तो टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. वेग कमी केल्यावर जे नाहीसे होते ते सगळे उथळ, असे समजू नये. समजा, मुख्य लढाई नकाशाच्या मध्यावर चालू आहे आणि त्याच वेळी मी तीन घोडेस्वार शत्रूच्या लाकूडतोड्यांवर सोडले. ते दोन व्हिलेजर मारतील, फार तर तीन. खरा लाभ वेगळाच असतो: शत्रूची नजर त्या झाडीकडे वळते आणि मधल्या दहा सेकंदांत त्याचे तिरंदाज मध्यावर कोणाच्या देखरेखीविना लढतात. प्रतिस्पर्ध्याच्या लक्षावरच हल्ला करणे हा डावपेच रिअल-टाइम गेमची स्वतःची मिरास आहे. टर्न-बेस्ड गेममध्ये त्याला जागाच नाही, कारण तिथे प्रतिस्पर्धी दोन्ही ठिकाणे निवांतपणे पाहून मगच खेळी करतो. एपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या कृती, हा आकडा यातले काहीच सांगत नाही. त्यात निरर्थक क्लिकसुद्धा मोजले जातात, त्यामुळे खोली ठरवताना मी तो आकडा पाहतच नाही.

टर्न-बेस्ड गेमला नेमका उलटा प्रयोग लावावा, म्हणजे घड्याळ लावावे. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे नवे नाही. पाच मिनिटांच्या डावात आणि संथ डावात एकाच खेळाडूच्या चालींचा दर्जा किती बदलतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. खेपेला तीस सेकंदांची मर्यादा घालून खेळल्यावर आपला खेळ जराही खालावला नाही, तर त्या खेपांमध्ये विचार करण्याजोगे फारसे नव्हते असे समजावे.

खोली कुठे आटते ते नोंदवावे

प्रदीर्घ टर्न-बेस्ड गेमची तपासणी इथे कठोरपणे करावी, कारण त्यांना मिळणारी सूट मला अन्यायाची वाटते. सिव्हिलायझेशन 6 मध्ये नेहमीच्या गतीचा डाव 500 खेपांपर्यंत जाऊ शकतो. त्यातल्या पहिल्या पन्नासेक खेपांत जवळपास प्रत्येक निर्णय वजनदार असतो: दुसरे शहर नदीकाठी वसवावे की शेजाऱ्याच्या वाटेवर, आधी नवे शहर वसवणारा सेटलर काढावा की योद्धा. पुढे शहरे पंधरा झाली आणि विजय दिसू लागला, की उरलेल्या कित्येक खेपांत खेळाडू फक्त पुढची खेप दाबत राहतो. दर पन्नास खेपांमागे खरे निर्णय किती होते हे वहीतून मोजावे; रिअल-टाइम गेममध्ये तीच मोजणी दर पाच मिनिटांमागे करावी. माझ्या वहीत सिव्हिलायझेशनचा आलेख उतरत जातो, तर एज ऑफ एम्पायर्स 2 चा मध्यावर उंच आणि दोन्ही टोकांना ठेंगणा दिसतो, कारण सुरुवातीच्या बिल्ड ऑर्डरचा, म्हणजे काय कोणत्या क्रमाने उभारायचे याचा, बराचसा भाग पाठ केलेला असतो.

समोर कोण आहे याचीही नोंद ठेवावी. सिव्हिलायझेशन 4 मध्ये, म्हणजे 2005 साली, एका घरात हवे तेवढे सैन्य रचता येत असे. 2010 च्या पाचव्या भागात एका षटकोनी घरात एकच लढाऊ युनिट असा नियम आला. त्यामुळे तिरंदाज कोणाच्या आडोशाला ठेवायचे आणि खिंड कोणी अडवायची हे निर्णय नव्याने जन्माला आले, पण संगणकाला ते नीट जमेनात, आणि एकट्याने खेळणाऱ्याला लढाई आधीपेक्षा सोपी वाटू लागली. वरच्या काठिण्यपातळ्यांवर तर संगणकाला उत्पादन वगैरेंत सवलती दिलेल्या असतात, तो अधिक हुशार झालेला नसतो. म्हणून दोन गेमची तुलना करताना दोन्हीकडे माणूस किंवा दोन्हीकडे संगणक असावा. एका बाजूला कसलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला मध्यम पातळीचा संगणक ठेवून काढलेला निष्कर्ष गेमबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटी, ज्यांना दोन वेगळे गेम शिकायला वेळ नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे. टोटल वॉर मालिकेत नकाशावरची मोहीम खेपांनी चालते आणि लढाई रिअल-टाइममध्ये. एकट्याने खेळताना सहसा लढाई थांबवून हुकूम देता येतात. लढाई सुरू होण्याआधी डाव सेव्ह करावा. तीच लढाई एकदा न थांबता लढावी, एकदा हवी तेव्हा थांबवून लढावी आणि एकदा गेमच्या आपोआप निकालावर सोडावी. पहिल्या दोन निकालांमधला फरक आपल्या लक्षाची किंमत दाखवतो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या निकालांमधला फरक रणांगणावरच्या आपल्या निर्णयांची. तिन्ही वेळा निकाल जवळपास सारखाच आला, तर ती लढाई नकाशावर आधीच जिंकली किंवा हरली गेली होती. अशा वेळी सेव्ह केलेला आणखी मागचा डाव उघडून, सैन्य त्या ठिकाणी कोणत्या खेपेला आणि कशासाठी नेले होते, तिथपासून नोंद पुन्हा सुरू करावी.