इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये नेताना

वाक्प्रचार कळला नाही तर माणूस निदान शब्दकोश उघडतो. खरी फसगत होते ती ओळखीचा वाटला की. इंग्रजीत 'ओव्हर द मून' म्हणजे आनंदाने बेभान. स्पॅनिशमध्येही चंद्र आहे, 'एस्तार एन ला लूना', पण अर्थ आहे तंद्रीत असणे, लक्ष भलतीकडे असणे. 'क्लाउड नाइन'चंही (नवव्या ढगावर, म्हणजे अत्यानंदात) तेच. 'एस्तार एन लास नूबेस', म्हणजे ढगांत असणारा, हा खूश नसतो, बेसावध असतो. आनंदासाठी तिकडे सातवा स्वर्ग आहे: 'एस्तार एन एल सेप्तिमो सिएलो'. चित्र सहज जुळलं की आधी संशय घ्यावा.

म्हणून सुरुवात चित्र बाजूला ठेवून करा. वाक्प्रचाराचा अर्थ एका साध्या वाक्यात लिहा आणि शेजारी कोण बोलतंय, कोणाशी, कोणत्या सुरात हे टिपा. सुराची टीप सर्वांत महत्त्वाची आणि तीच लोक गाळतात. 'किक द बकेट' म्हणजे 'वारला' नव्हे, 'गचकला'. त्याला 'एस्तिरार ला पाता' चपखल बसतं: तंगडी ताणणे, आणि 'पाता' हा शब्द मुळात जनावराच्या पायाचा. निधनाच्या बातमीत तो गेला तर अनर्थ. तिथे 'फायेसेर' हवं.

त्यानंतर देश ठरवा. 'स्पॅनिशमध्ये करून द्या' एवढ्यावर काम सुरू करू नका. वाचक कुठला, हे आधी विचारा. 'द बॉल इज इन युअर कोर्ट'साठी (आता पुढचं तुमच्या हाती) स्पेनमध्ये चेंडू तुमच्या छपरावर असतो, 'तेखादो'. लॅटिन अमेरिकेत तो 'कांचा'मध्ये, म्हणजे मैदानावर असतो. इथे फरक फक्त परकेपणाचा. पण बैलाला शिंगांनी धरायचं (संकटाला थेट भिडायचं) तर स्पेनमध्ये चालणारं 'कोखेर' हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात संभोगासाठीचा असभ्य शब्द आहे. तिथे 'तोमार' किंवा 'आगार्रार' घ्या. वाचक अनेक देशांतले असतील तर सगळीकडे चालणारे वाक्प्रचार निवडा: 'रोम्पेर एल येलो' (बर्फ फोडणे, इंग्रजीसारखंच), 'दार एन एल क्लावो' (नेमकं वर्मावर बोट ठेवणे), 'तोमार एल पेलो' (शब्दशः केस धरणे, म्हणजे थट्टा करणे).

या शेवटच्याचं व्याकरण नीट पाहा, कारण वाक्प्रचार बरोबर निवडूनही वाक्य इथेच बिघडतं. इंग्रजीत पाय 'माझा' असतो: 'यू आर पुलिंग माय लेग'. स्पॅनिशमध्ये केस कोणाचे हे सर्वनाम सांगतं आणि केसांना फक्त उपपद लागतं: 'मे एस्तास तोमान्दो एल पेलो'. 'एल' या उपपदाच्या जागी स्पॅनिश 'मी' (माझे) घातलं की खरोखरचे केस डोळ्यांपुढे येतात. 'लोस पेलोस' असं अनेकवचन केलं तरी वाक्प्रचार मोडतो. आकडेही ठरलेले असतात: इंग्रजी मांजराला नऊ जन्म, स्पॅनिश मांजराला सात.

तपासणी रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पेनच्या भाषा अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात करा. वाक्प्रचार सहसा नामाखाली सापडतो, तेव्हा 'तोमार' नव्हे, 'पेलो' शोधा. लॅटिन अमेरिकेसाठी 2010 सालचा 'दिक्सिओनारियो दे आमेरिकानिस्मोस' आहे. प्रत्यक्ष वापर पाहायला त्याच अकादमीचा 'कोर्पेस' हा भाषासंग्रह उपयोगी पडतो. शोधताना क्रियापदाचं मूळ रूप एकटं टाकू नका. 'तोमान्दो एल पेलो'सारखं चालतं रूप टाकलं की बोलीतली वाक्यं वर येतात.

खरा कस लागतो तो लेखक वाक्प्रचाराशी खेळतो तेव्हा. समजा पात्र म्हणतं, 'गाडीला एक हात आणि एक पाय मोजावा लागला, आता दुसरी घ्यायची तर उरलेले दोन जातील.' स्पॅनिशमध्ये महाग वस्तूला 'उन ओखो दे ला कारा', चेहऱ्यावरचा एक डोळा पडतो. हातपाय सोडून द्या आणि विनोद डोळ्यावर नव्याने रचा: दुसरी गाडी घेतली तर चालवणार कसा? मूळ शब्द गेले, हसू राहिलं. तसा खेळ जमेना तर तिथे सपाट लिहा आणि दोन-चार ओळी पुढे, जिथे इंग्रजी साधं आहे, तिथे स्पॅनिश वाक्प्रचार घाला. पान एकूण तेवढंच खमंग राहतं.

काही ठिकाणी शब्दशः रूपही आता रुळलंय. 'एल एलेफान्ते एन ला आबितासिओन', खोलीतला हत्ती, स्पॅनिश वर्तमानपत्रांत दिसतो. खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी मात्र तो खोटा वाटेल. तिला 'ज्याबद्दल कोणी बोलायला तयार नाही ते' असंच म्हणू द्या.

सबटायटलमध्ये जागेचा हिशेब वेगळा. एका ओळीत साधारण 42 अक्षरं धरतात. 'मे कोस्तो उन ओखो दे ला कारा' रोमन लिपीत 26 भरतं, म्हणजे इंग्रजीपेक्षा एक कमीच. हातातल्या पक्ष्याची म्हण अडचणीची: 'मास वाले पाखारो एन मानो के सिएन्तो वोलान्दो', म्हणजे उडणाऱ्या शंभरांपेक्षा हातातला एक बरा, ही मोकळ्या जागांसह बरोबर 42 होते आणि पूर्णविरामालाही जागा उरत नाही. स्पॅनिश माणूस बोलताना ती बऱ्याचदा अर्धीच म्हणतो. 'मानो'वर तीन टिंबं देऊन थांबा, पुढचं प्रेक्षकाला पाठ असतं.