बीटा सीएमएस लाइव्ह साइटवर टाकायचं का? आधी हे बघून घ्या

सीएमएसच्या (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नवीन व्हर्जनचा बीटा, म्हणजे फायनलच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन, आला की टीममधलं कोणीतरी म्हणतंच, आत्ताच यावर साइट बांधू, म्हणजे वर्षभरात परत मायग्रेशनचा, म्हणजे साइट नव्या व्हर्जनवर हलवण्याचा, घोळ नको. मुद्दा चुकीचा नाहीये. पण हो म्हणायच्या आधी पहिली एकच गोष्ट तपासा, या बीटात भरलेला डेटा पुढच्या बीटात आणि मग फायनलमध्ये अपडेट होऊन जाणार का, आणि तसं प्रोजेक्टने रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय का. ड्रुपल या सीएमएसच्या ८ व्या व्हर्जनच्या सुरुवातीच्या बीटांमध्ये ही हमी नव्हती, म्हणजे बीटा बदलला की डेटाबेसची रचना बदलायची आणि जुनी साइट तशीच पुढे नेण्याची अधिकृत सोय नाही. डेव्हलपरला काय, तो परत इन्स्टॉल करतो, पण संपादकांनी तीनशे लेख भरून ठेवले असतील तर त्यांचं काय करणार? याचं उत्तर "बघू नंतर" असेल तर यादी इथेच संपवा, पुढे वाचायची गरज नाही.

उत्तर हो असेल तर मग तारखा. फायनल अमुक महिन्यात येणार असं ऐकून क्लायंटला लाँचची तारीख देऊ नका, प्लीज. ड्रुपल ८ चा पहिला बीटा ऑक्टोबर २०१४ चा आणि फायनल आलं १९ नोव्हेंबर २०१५ ला, तेरा महिने गेले मध्ये. जूमला या दुसऱ्या सीएमएसच्या ४ चा पहिला अल्फा (बीटाच्याही आधीचं व्हर्जन) नोव्हेंबर २०१७ ला आला, फायनल ऑगस्ट २०२१. वर्डप्रेस ५.० सुद्धा, ज्यात गुटेनबर्ग एडिटर आला, १९ नोव्हेंबर २०१८ ठरलं होतं ते सरकत सरकत ६ डिसेंबरला गेलं. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, फायनलच्या अगदी आधीचं व्हर्जन, आला की गोष्ट वेगळी, ड्रुपल ८ चा आरसी ७ ऑक्टोबर २०१५ ला आला तो क्रिटिकल बग शून्यावर आल्यावरच, आणि तिथून फायनल सहा आठवड्यांत. थांबणं शक्य असेल तर माझं मत सरळ आहे, आरसीपर्यंत थांबा.

मॉड्यूल आणि प्लगिनची, म्हणजे वरून जोडायच्या भागांची, यादी कागदावर काढा, अगदी एकेक. कोअर, म्हणजे सीएमएसचा मूळ गाभा, तयार झालं म्हणजे आजूबाजूचं तयार झालं असं नसतं. ड्रुपल ८ वर दुकान काढायचं असेल तर ड्रुपल कॉमर्सचं त्यासाठीचं स्टेबल व्हर्जन सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, कोअरनंतर जवळपास दोन वर्षांनी. फॉर्म, पेमेंट, इमेज, एसइओ, प्रत्येकासमोर लिहा की नव्या व्हर्जनवर चालतं का, मेंटेनर (सांभाळणारा) कोण, आणि नसेल तर आपल्याकडे ते पोर्ट करायला, म्हणजे नव्या व्हर्जनवर चालेल असं बदलायला, माणूस आहे का.

सिक्युरिटीकडे बहुतेक लोक बघतच नाहीत आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. ड्रुपलची सिक्युरिटी टीम अल्फा-बीटासाठी ॲडव्हायजरी (सुरक्षेची अधिकृत सूचना) काढत नाही, भोक सापडलं तर ते इश्यू क्यूमध्ये, म्हणजे बगांच्या सार्वजनिक यादीत, उघड्यावरच दुरुस्त होतं, म्हणजे तुमच्या आधी दुसरं कोणीही ते वाचू शकतं. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एसक्यूएल इंजेक्शन (डेटाबेसमध्ये घुसू देणारं भोक) जाहीर झालं तेव्हा नंतर टीमने सांगितलं होतं की सात तासांत पॅच (दुरुस्ती) केलं नसेल तर साइट हॅक झालीय असंच धरून चाला. ही स्टेबल व्हर्जनची गोष्ट, जिथे रीतसर ईमेल येतो. बीटावर असाल तर दर आठवड्याला क्रिटिकल इश्यू वाचणारा एक माणूस नावानिशी ठरवा, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण तेही.

बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डेटाबेस एकदा नव्या रचनेवर गेला की जुना कोड त्यावर नीट चालेल याची खात्री नाही, मागे यायचं म्हणजे बॅकअप रिस्टोअर, आणि मंगळवारचा बॅकअप शुक्रवारी लावला की मधल्या तीन दिवसांच्या बातम्या, कमेंट, ऑर्डर सगळं गेलं. म्हणून अपडेटच्या वेळी मजकूर भरणं बंद ठेवायचं, आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या साइटवर, खऱ्या डेटाची कॉपी घेऊन करून बघायचं, आणि रिस्टोअर खरंच होतं का ते एकदा हाताने तपासायचं. कंपोजर (पीएचपीचे भाग इन्स्टॉल करणारं साधन) वापरत असाल तर नेमकं व्हर्जन पक्कं करून लॉक फाइल, म्हणजे त्या नेमक्या व्हर्जनांची नोंद, गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, नाहीतर सर्व्हरवर भलताच बीटा येऊन बसतो.

मराठी साइट असेल तर चाचणी खऱ्या मराठी मथळ्यांनी करा, इंग्रजी डमी मजकुराने काही कळत नाही. वर्डप्रेसचंच बघा, लिंकच्या स्लगला, म्हणजे मथळ्यावरून बनणाऱ्या भागाला, २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह एन्कोड झालं (लिंकसाठी इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदललं) की नऊ जागा खातं, म्हणजे काना-मात्रा-हलंत धरून साधारण बावीस चिन्हं. "महाराष्ट्रातील पावसाची स्थिती" एवढ्या साध्या मथळ्याची लिंक तिसऱ्या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तुटते. स्टेबलमध्ये हे असं आहे, तर बीटात सर्च, क्रमवारी, जोडाक्षरं सगळं स्वतः बघायला हवं. शिवाय आरसीपर्यंत ॲडमिनमधले शब्द बदलत राहतात, त्यामुळे मराठी भाषांतर अर्धवट दिसणार, ते संपादकांना आधीच सांगून ठेवा.

मग हो कधी म्हणायचं? साइट कोरी असेल, पैशाचे व्यवहार नसतील, टीममध्ये कोअरचा कोड वाचून पॅच लावणारं कोणी असेल आणि फायनल येईपर्यंतच्या अपडेटचे तास क्लायंटने कोटेशनमध्ये मान्य केले असतील, तर बिनधास्त घ्या, आणि सापडलेले बग रिपोर्ट करा. बँक, हॉस्पिटल, निकाल लावणारी शाळा-कॉलेजं यांच्यासाठी नाही, कितीही आग्रह झाला तरी.