सावधगिरी हा शब्द नेमका कुठे आणि कसा वापरायचा

'सावधानी बाळगा' असं हल्ली सगळीकडे लिहिलेलं दिसतं आणि खरंच वाईट वाटतं, कारण सावधानी हे हिंदीतलं नाम आहे, आपल्याकडे त्यासाठी सावधगिरी हा इतका चांगला शब्द आहे.

आधी शब्द फोडून बघा. स + अवधान = सावधान, म्हणजे ज्याचं लक्ष जागेवर आहे असा. अवधान म्हणजे लक्ष, ज्ञानेश्वरीच्या 9व्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते, आणि एकाच वेळी आठ ठिकाणी लक्ष ठेवतो तो अष्टावधानी. हाच सावधान झिजून सावध झाला. मुळात यात भीती नाहीये, लक्ष आहे. लग्नात 'शुभमंगल सावधान' म्हणतात तेव्हा कोणी कोणाला घाबरवत नसतं, मुहूर्त आलाय, लक्ष द्या एवढंच सांगायचं असतं. आणि बेशुद्ध पडलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा आपण 'तो सावध झाला' म्हणतो ना, मला हा वापर सगळ्यात आवडतो, कारण मूळ अर्थ तिथे अजून जसाच्या तसा जिवंत आहे.

शेपटीचं 'गिरी' मात्र फारसीतून आलंय, गुलामगिरी, मुलुखगिरीतलं तेच. बेसावध मधलं 'बे' पण फारसीच. म्हणजे संस्कृत शब्दाला पुढून मागून फारसी जोडलं तरी कुठे खटकत नाही, मराठीने ते इतकं पचवलंय.

आता वापर. सावधगिरी 'बाळगायची' असते, खबरदारी आणि काळजी 'घ्यायची' असते, 'सावधगिरी करा' असं लिहू नका. सावधगिरी ही मनाची अवस्था, खबरदारी म्हणजे आधीच उचललेलं पाऊल, त्यामुळे गॅस बंद केलाय का ते निघताना बघणं ही खबरदारी आणि अनोळखी लिंक दिसली की हात थांबणं ही सावधगिरी. पण नुसतं 'खबरदार!' म्हटलं की ती धमकी होते, ते जपून वापरा. काळजीचं तर क्रियापदावरच सगळं अवलंबून, 'काळजी घे' आणि 'काळजी करू नकोस' यात अर्थ पार बदलतो.

बोलताना मात्र सावधगिरी जड वाटते. जिना ओला असेल तर 'सावधगिरीने उतर' कोण म्हणतं, 'जपून उतर' हेच तोंडात येतं आणि तेच बरोबर आहे. 'सावधानपूर्वक' तर लिहूच नका, सावधपणे म्हणा, काम होतं.

उलट अर्थाला पण फरक आहे बरं का. बेसावध कोणीही क्षणभर असू शकतो, त्यात दोष नसतो, निष्काळजी म्हटलं की आरोप होतो. म्हणून ज्याची फसवणूक झालीये त्याच्याबद्दल लिहिताना 'तो बेसावध होता' असंच लिहा.