वैदर्भी उन्हाळ्यात मोटारीच्या टायरची निगा

चंद्रपूर, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टायरमधील हवा पहाटे, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतरच मोजावी. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडण्याची पद्धत गावोगावी आहे. ती चुकीची आहे, कारण टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते, कडा अधिक वाकतात आणि त्या घर्षणानेच टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो.

टायरचे वय कडेवरील चार अंकांवरून कळते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाशी गाठ असेल, तर त्याआधीच.

पांदण रस्त्याने शेतात जाताना तुरीच्या धसकटांपासून जपावे. ती तिरपी छाटलेली असल्याने खिळ्यासारखी घुसतात, आणि टायरच्या कडेला पडलेले छिद्र ठिगळाने भरवशाचे बुजत नाही. स्टेपनीची हवा मात्र बहुतेक जण तपासतच नाहीत.

विम्याबाबत एवढे ध्यानात ठेवावे की नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फुटल्यास भरपाई मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले, तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.